चार दिवसांत पाच मंत्र्यांना नारळ: जुलै १९७९ ची कार्टरची खांदेपालट

वाटसरू_मेरीलँड

मागच्या आठवड्यात इथे मंत्रिमंडळ विस्तारावरून जुंपली होती तेव्हा कुणीतरी लिहिलं होतं, "अमेरिकेत बरं असतं. प्रेसिडेंट म्हणेल तो मंत्री, नको झाला की घरी. ना आमदार फुटायची भीती, ना नाराज गटाला महामंडळं वाटायची भानगड." मी तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं. म्हणून वेगळा धागा.

कागदावर ते खरं आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत 'कॅबिनेट' हा शब्दसुद्धा नाही. खात्यांच्या प्रमुखांकडून राष्ट्राध्यक्षाने लेखी मत मागवावं, एवढंच तिथे म्हटलंय. पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनच्या वेळी चौघेच होते: जेफरसन परराष्ट्राला, हॅमिल्टन तिजोरीवर, नॉक्स युद्धखात्यात आणि रँडॉल्फ ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचा मुख्य वकील. शिवाय संसदेचा सभासद असताना मंत्री होता येत नाही, आधी ती जागा सोडावी लागते. म्हणजे मंत्र्याच्या पाठीशी ना मतदारसंघ, ना वीस आमदार. घेताना सिनेटची, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाची, मंजुरी लागते, काढताना कुणाचीच नाही.

मग एवढ्या सोप्या गोष्टीत तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर इतका कसा फसला?

१९७९ चा उन्हाळा. इराणमध्ये क्रांती झालेली, तेलाचे भाव भडकलेले, पेट्रोल पंपांवर रांगा. महागाई दोन आकडी. ५ जुलैला कार्टरचं ऊर्जेवर भाषण ठरलं होतं, ते त्याने ऐनवेळी रद्द केलं आणि कॅम्प डेव्हिडला, राष्ट्राध्यक्षाच्या डोंगरातल्या विश्रामस्थानी, जाऊन बसला. दहा दिवस! राज्यपाल, धर्मगुरू, कामगार पुढारी, उद्योगपती, एकेकाला बोलावून "माझं काय चुकतंय ते सांगा" म्हणून वहीत टिपणं घेत होता. १५ जुलै, रविवारी रात्री तो टीव्हीवर आला आणि देशाचा आत्मविश्वास हरवलाय, आपण उपभोगाच्या मागे लागलोय, असं तोंडावर सांगितलं. या भाषणाची आज टिंगल होते. पण तेव्हा ते लोकांना आवडलं होतं. लोकप्रियता ११ टक्क्यांनी वर गेली, व्हाइट हाउसमध्ये पत्रांचा पाऊस पडला.

मंगळवारी, १७ तारखेला, त्याने अख्ख्या मंत्रिमंडळाचे आणि वरिष्ठ सहाय्यकांचे राजीनामे मागितले.

बारा खाती होती तेव्हा. अडीच वर्षांत एकाही खात्याचा मंत्री बदलला नव्हता. बायबल शिकवणारा, शेंगदाण्याची शेती करणारा, सगळ्यांशी सभ्यपणे वागणारा माणूस. त्याने एकदम बाराही भाकऱ्या तव्यावर उलट्या केल्या. गुरुवारी तिघे गेले: आरोग्य-शिक्षण-कल्याण खात्याचा जोसेफ कॅलिफानो, अर्थमंत्री मायकल ब्लूमेंथाल आणि ॲटर्नी जनरल ग्रिफिन बेल. बेल कार्टरचा जॉर्जियातला जुना मित्र, त्याला तसंही घरी जायचं होतं. शुक्रवारी ऊर्जामंत्री जेम्स श्लेसिंजर आणि वाहतूकमंत्री ब्रॉक ॲडम्स.

ब्रॉक ॲडम्सचं मला वाईट वाटतं. हा माणूस काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, अर्थसंकल्प समितीचा अध्यक्ष होता. मंत्रिपदासाठी त्याने हक्काची जागा सोडली होती. आपल्याकडे मंत्रिपद गेलं तरी आमदारकी राहते, मागच्या बाकावर बसून तोंडसुख घेता येतं. याला तेही नाही.

आता खरी गंमत. मंत्र्यांचे राजीनामे मागितले त्याच सुमारास कार्टरने हॅमिल्टन जॉर्डनला चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे व्हाइट हाउसच्या कारभाराचा प्रमुख, केलं. जॉर्डन चौतिशीचा, निवडणूक जिंकून देणारा, पण वॉशिंग्टनमध्ये अनेकांना फोन परत न करणारा म्हणून बदनाम. त्याने सगळ्या खात्यांना एक प्रश्नावली पाठवली: हाताखालचा माणूस कामावर किती वाजता येतो, कामाचा वेग कसा, राजकीय समज किती. एक ते सहामध्ये गुण द्यायचे! शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखं. ती वर्तमानपत्रांच्या हाती लागली आणि पुढचे काही दिवस वॉशिंग्टनला दुसरा विषय नव्हता. टेक्ससचा कार्टरच्याच पक्षाचा एक खासदार म्हणाला, यांनी मोठमोठी झाडं तोडली आणि माकडं ठेवली.

माझं म्हणणं एवढंच, की काढण्यात चूक नव्हती. सगळ्यांचे राजीनामे एकदम मागणं ही चूक. पाचांना काढायचं होतं तर पाचांना बोलवायचं. बाराही जणांना मान खाली घालून उभं केल्यावर, जे सात राहिले तेही लहान झाले.

---

खडूसराव

पहिला!

वाचतोय. पण 'अमेरिकेत बरं असतं' असं म्हणणारा मीच होतो आणि अजून मत बदललेलं नाही. पाच गेले, पाच आले, सरकार पडलं का? आपल्याकडे पाच जणांना एकदम काढा, संध्याकाळपर्यंत ते कुठल्यातरी रिसॉर्टवर सापडतील.

---

नवखा_२०

बाळबोध प्रश्न. पेपरात कधी 'परराष्ट्रमंत्री' येतं, कधी 'परराष्ट्र सचिव'. दोन्ही एकच का? मला वाटायचं सेक्रेटरी म्हणजे आयएएस.

---

कक्षअधिकारी

@नवखा, बाळबोध नाही हो. यात भले भले गोंधळतात. तिकडचा 'सेक्रेटरी' म्हणजे आपला मंत्री. आपला सचिव म्हणजे नोकरशहा, सरकार बदललं तरी तो असतोच. तिकडे मात्र मंत्र्याखालची दोन-तीन थरांची माणसंही राजकीय नेमणुकीची. प्रेसिडेंट बदलला की तीही जातात. आपल्याकडे मंत्री जातो तेव्हा पीए आणि ओएसडी जातात, बाकी फाइल आहे तिथेच.

मी मंत्रालयात तीस वर्षं काढली, त्यात किती मंत्री आले-गेले ते मोजायचं सोडून दिलं होतं. खातेबदलाच्या दिवशी काय होतं ते सांगतो. शपथविधी टीव्हीवर चालू असतानाच शिपाई दारावरची पाटी उतरवून ठेवतो. नवीन येईपर्यंत चार स्क्रू तसेच भिंतीत. नवे साहेब आले की पहिली खुर्ची बदलते. जुनी चांगली असली तरी. दुसरा तिच्यावरचा टॉवेल. तिसरं म्हणजे दालनाची दिशा कुणीतरी बघून जातं. फाइली चौथ्या दिवशी.

---

वाटसरू_मेरीलँड

@कक्षअधिकारी, खुर्चीवरून आठवलं. तिकडेही खुर्चीचं प्रस्थ आहे. कॅबिनेट रूममध्ये प्रत्येक मंत्र्याची खुर्ची वेगळी, पाठीवर पितळी पट्टी, त्यावर खातं आणि नाव. बसण्याचा क्रम मानापमानाचा नाही, खातं कधी स्थापन झालं त्यावर. म्हणून परराष्ट्र आणि अर्थ राष्ट्राध्यक्षाच्या जवळ आणि नवी खाती टेबलाच्या टोकांना. राष्ट्राध्यक्षाची खुर्ची बाकीच्यांपेक्षा दोन इंच उंच. मंत्री जातो तेव्हा त्याचा स्टाफ वर्गणी काढून ती खुर्ची विकत घेतो आणि त्याला भेट देतो, अशी पद्धत. त्या आठवड्यात पाच ठिकाणी वर्गणी काढावी लागली असणार.

टॉवेल नसतो.

---

दगडूशास्त्री

धागालेखकाला दंडवत, पण 'काढताना कुणाचीच मंजुरी लागत नाही' हे एवढं सरळ नाही. ते ठरायला सव्वाशे वर्षांहून जास्त गेली.

लिंकनच्या खुनानंतर अँड्र्यू जॉन्सन आला. त्याचं आणि काँग्रेसचं विळ्याभोपळ्याचं सख्य. युद्धमंत्री स्टँटन काँग्रेसच्या बाजूचा. जॉन्सनने त्याला काढू नये म्हणून काँग्रेसने १८६७ मध्ये कायदाच केला: सिनेटच्या संमतीशिवाय मंत्री काढायचा नाही. जॉन्सनने तरी काढला. आणि स्टँटन काय करतो? ऑफिसला आतून कडी लावून बसला! एक दिवस नाही, दोन दिवस नाही, जवळजवळ तीन महिने. तिथेच जेवण, तिथेच झोप. इकडे जॉन्सनवर महाभियोग. १८६८ मध्ये सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९, म्हणजे दोन तृतीयांशाला एक मत कमी पडलं आणि गडी वाचला. मग स्टँटनने कडी काढली.

तो कायदा १८८७ मध्ये रद्द झाला. आणि प्रश्नाचा निकाल लागला १९२६ मध्ये, तोही मंत्र्यावरून नाही, तर ऑरेगॉनमधल्या पोर्टलंडच्या एका पोस्टमास्तरावरून. त्याला काढलं म्हणून त्याने पगारासाठी दावा लावला. सुप्रीम कोर्ट म्हणालं, राष्ट्राध्यक्ष काढू शकतो. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश टाफ्ट, जे स्वतः आधी राष्ट्राध्यक्ष होते. त्यांना काय वाटणार ते उघड आहे.

आणि कार्टर काही पहिला नव्हे. सगळं मंत्रिमंडळ उलथवायचा मान अँड्र्यू जॅक्सनचा, १८३१. कारण? एका बाईला बाकीच्या बायका चहाला बोलवत नव्हत्या.

---

मालवणी_मिरची

> कारण? एका बाईला बाकीच्या बायका चहाला बोलवत नव्हत्या.

असं अर्ध्यावर सोडून कुठे निघालात शास्त्रीबुवा. सांगा!

---

दगडूशास्त्री

सांगतो, सांगतो. दूध उतू जात होतं.

जॅक्सनचा युद्धमंत्री जॉन ईटन. त्याची बायको पेगी, वॉशिंग्टनमधल्या खानावळवाल्याची मुलगी. दिसायला छान, बोलायला फटकळ, वडिलांच्या खानावळीत उतरणाऱ्या खासदारांशी गप्पा मारणारी. पहिला नवरा नौदलात, तो १८२८ मध्ये समुद्रावर असतानाच वारला. वर्ष पुरं व्हायच्या आत, १ जानेवारी १८२९ ला, तिने ईटनशी लग्न केलं. झालं. उपराष्ट्राध्यक्ष कॅल्हूनची बायको आणि इतर मंत्र्यांच्या बायका यांनी तिच्याकडे जाणं-येणं तोडलं. तिला आमंत्रण नाही, ती आली की या उठणार.

जॅक्सन पेटला. त्याची स्वतःची बायको नुकतीच, डिसेंबर १८२८ मध्ये गेली होती आणि निवडणुकीत तिच्या चारित्र्यावर जी चिखलफेक झाली तिनेच ती गेली असं तो धरून बसला होता. पेगीत त्याला ती दिसत असावी. त्याने पेगीच्या चारित्र्यावर चक्क मंत्रिमंडळाची बैठक घेतली! देशापुढे बँक, टेरिफ, सगळे प्रश्न उभे, आणि मंत्री बसलेत एका बाईची बाजू ऐकायला.

यात एकाचं फावलं. परराष्ट्रमंत्री व्हॅन ब्यूरन विधुर होता. घरी 'तिच्याकडे जायचं नाही' म्हणणारी कुणी नव्हती. तो पेगीकडे जाई, बोले, मेजवान्या देई. जॅक्सनचा लाडका झाला. १८३१ मध्ये कोंडी फोडायला त्यानेच राजीनाम्याची तयारी दाखवली, तो आणि ईटन बाहेर पडले, मग जॅक्सनला उरलेल्यांकडे मागायला तोंड मिळालं. एक पोस्टमास्तर जनरल तेवढा वाचला. कॅल्हूनचा पत्ता कटला, व्हॅन ब्यूरन पुढच्या खेपेला उपराष्ट्राध्यक्ष आणि १८३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष.

अधिकृत मंत्री असे भांडत असताना जॅक्सन सल्ला घ्यायचा तो पत्रकार आणि दोस्तमंडळींचा. त्यांना विरोधकांनी नाव ठेवलं 'किचन कॅबिनेट'. आज आपले मराठी पेपरसुद्धा तो शब्द वापरतात, तो इथला.

---

मालवणी_मिरची

आमच्या सोसायटीची कमिटी गेल्या वर्षी अशीच बरखास्त झाली. हळदीकुंकवाचं निमंत्रण द्यायचं राहिलं होतं. जॅक्सनशी मी पूर्ण सहमत.

---

कक्षअधिकारी

मूळ मुद्द्यावर येतो. सगळ्यांचे राजीनामे एकदम घेण्याचा प्रयोग आपल्याकडे कार्टरच्या सोळा वर्षं आधी झालाय. कामराज योजना, १९६३. सत्ता सोडून पक्षाचं काम करा, असं म्हणून सगळ्यांनी राजीनामे नेहरूंच्या हाती दिले. त्यांनी सहा केंद्रीय मंत्र्यांचे आणि सहा मुख्यमंत्र्यांचे घेतले. मोरारजीभाई गेले, आमचे स. का. पाटील गेले, शास्त्रीजी गेले, जगजीवनराम गेले. शास्त्रीजी चारपाच महिन्यांत बिनखात्याचे मंत्री म्हणून परत, आणि मे १९६४ मध्ये नेहरू गेल्यावर पंतप्रधान. मोरारजी मात्र १९६७ पर्यंत मंत्रिमंडळाबाहेरच राहिले.

तेव्हा सरकार डळमळलं नाही. मग कार्टरचंच का डळमळलं?

---

वाटसरू_मेरीलँड

नेमका प्रश्न. मला वाटतं कामराज योजनेला 'पक्षकार्य' नावाची शाल होती. ज्याला काढायचं त्याच्या खांद्यावर ती घातली की त्याग दिसतो. मोरारजींना आत काय वाटलं ते वेगळं, पण बाहेर पडताना मान ताठ ठेवता आली. कार्टरने शाल आणलीच नाही. कॅलिफानोने नंतर सांगितलं की राष्ट्राध्यक्षाने त्याला बोलावून त्याच्या कामाची तोंडभर स्तुती केली आणि मग जायला सांगितलं. व्हाइट हाउसच्या माणसांशी त्याचं जमत नाही, हे कारण.

आणि ते खरंही होतं. कॅलिफानोने सिगारेटविरुद्ध मोहीम उघडली होती, तंबाखू पिकवणारं नॉर्थ कॅरोलायना कार्टरच्या डेमोक्रॅटिक पक्षावर खवळलं होतं. शिवाय त्याच्या खात्यातून शिक्षण वेगळं काढायचं कार्टरचं वचन होतं, त्याला हा आतून विरोध करत होता. माणूस हुशार, कामसू आणि स्वतःचा दरबार असलेला. असा मंत्री कुठल्याही नेत्याला नकोच असतो.

दुसरी गोष्ट, काळ. युरोपात 'सगळ्या मंत्र्यांनी राजीनामे दिले' याचा एकच अर्थ, सरकार पडलं. बाजारालाही तेवढंच कळलं. डॉलर घसरला आणि त्याच आठवड्यात सोनं पहिल्यांदाच औंसाला ३०० डॉलरच्या वर गेलं. रविवारचं भाषण म्हणत होतं विश्वास ठेवा, आणि मंगळवारी भाषण देणाऱ्याचाच आपल्या माणसांवर विश्वास नाही.

---

खडूसराव

कार्टर साधा माणूस, सल्लागार वाईट, ही नेहमीची कहाणी. मला ती पटत नाही. मंत्रिमंडळ उभं केलं तेव्हाच घोळ झाला होता. निक्सनच्या काळात सगळी सत्ता व्हाइट हाउसमधल्या दोघा-तिघांच्या हाती गेली म्हणून हा उलट टोकाला गेला. म्हणाला, माझं 'कॅबिनेट गव्हर्नमेंट'. मंत्र्यांनी आपले उपमंत्री, सहाय्यक स्वतः निवडा. चीफ ऑफ स्टाफ नको, मी चाकाचा मध्य, सगळे आरे माझ्यापाशी. पहिल्या वर्षी दर सोमवारी मंत्रिमंडळाची बैठक. टेनिस कोर्टवर कोण कधी खेळणार हेही स्वतः बघायचा म्हणतात, ते बाजूला ठेवू.

ज्या मंत्र्याने खात्यातली माणसं स्वतः नेमली तो खात्याचा होतो, तुमचा राहत नाही. मग अडीच वर्षांनी 'निष्ठा नाही' म्हणून ओरडायचं? गुण देणारी ती प्रश्नावली अडीच वर्षं आधी वाटायला हवी होती.

---

दगडूशास्त्री

खडूसरावांशी प्रथमच सहमत, तारीख लिहून ठेवतो.

निक्सनचा उल्लेख झालाच आहे तर: नोव्हेंबर १९७२, ५० पैकी ४९ राज्यं जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने मंत्र्यांना बोलावलं, आभार मानले आणि खोलीबाहेर गेला. मग त्याचा चीफ ऑफ स्टाफ हाल्डमनने सांगितलं, राजीनामे द्या. जिंकल्याचे पेढेसुद्धा तोंडात विरघळले नव्हते. पुढे आठवणींमध्ये निक्सननेच ती चूक कबूल केली. सात वर्षांपूर्वीचा हा धडा डोळ्यांसमोर असताना कार्टरने तेच केलं, याला काय म्हणावं?

आणि त्या श्लेसिंजरकडे पाहा. १९७५ मध्ये फोर्डने त्याला संरक्षणमंत्रिपदावरून काढलं. त्याच झटक्यात किसिंजरचं एक पद गेलं, रम्सफेल्ड संरक्षणाला आले, थोरले बुश सीआयएला. मग हा रिपब्लिकन माणूस कार्टरच्या डेमोक्रॅट सरकारात पहिला ऊर्जामंत्री. तिथूनही नारळ. दोन पक्षांच्या दोन राष्ट्राध्यक्षांकडून. हुशारीबद्दल वाद नव्हता, पण समोरच्याला मूर्ख ठरवून बोलायची सवय.

---

जाई_एडिसन

नवीन कोण आले ते कुणीच लिहिलं नाही! मला त्यात पट्रिशिया रॉबर्ट्स हॅरिसबद्दल लिहायचंय.

त्या गृहबांधणी खात्याच्या मंत्री होत्या, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. १९७७ मध्ये सिनेटपुढे सुनावणी होती तेव्हा एका सिनेटरने विचारलं, तुम्ही मोठ्या वकील, गरिबांचं दुःख तुम्हाला कसं कळणार? त्या म्हणाल्या, मी कोण आहे हे तुम्हाला कळलेलं दिसत नाही. मी कृष्णवर्णीय बाई आहे, रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या कामगाराची मुलगी आहे, आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत याच शहराच्या काही भागांत मला घर विकत घेता आलं नसतं. आणि हीच बाई घरांच्या खात्याची मंत्री झाली.

जुलैच्या खांदेपालटीत कार्टरने त्यांना कॅलिफानोच्या जागी नेलं. पुढे शिक्षण वेगळं निघालं, उरलेल्याचं नाव 'आरोग्य आणि मानवी सेवा' झालं, त्याच्या पहिल्या मंत्री त्याच. गृहबांधणीला न्यू ऑर्लिन्सचे माजी महापौर मून लँड्र्यू, वाहतुकीला पोर्टलंडचे महापौर नील गोल्डश्मिट. दोघेही शहर चालवलेले. माकडं वगैरे म्हणणं अन्याय आहे.

---

वाटसरू_मेरीलँड

जाई, मान्य. घाईत मी गेलेल्यांचंच रडत बसलो. आलेले नालायक नव्हते. संरक्षणातून ऊर्जेला आलेले चार्ल्स डंकन आधी कोका-कोलाचे अध्यक्ष होते, तेही शांतपणे काम करणारे.

---

चक्रवाढ

उशिरा आलो. तुम्ही सगळे मंत्र्यांच्या बारा खुर्च्या मोजताय. त्या आठवड्यातली सगळ्यात महागडी खुर्ची त्या बारांत नव्हतीच.

ब्लूमेंथालला काढलं. (अवांतर: हा मूळचा जर्मन ज्यू. लहानपणी कुटुंबाबरोबर नाझींपासून पळून शांघायला गेला, तिथल्या वस्तीत वाढला, अमेरिकेत येऊन कंपनीप्रमुख झाला, मग अर्थमंत्री. त्याच्यावर वेगळा धागा काढावा कुणीतरी.) तर अर्थमंत्री कोण? सोनं चढतंय, डॉलर पडतोय, माणूस लगेच हवा. कार्टरने फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, अध्यक्ष विल्यम मिलर यांनाच उचलून अर्थखात्यात बसवलं. भोक बुजवायला शर्टाचा खिसा फाडावा तसं. आता फेड रिकामी! तीही अशा वेळी रिकामी ठेवता येत नाही.

मग न्यूयॉर्क फेडच्या पॉल व्होल्करला बोलावणं गेलं. सहा फूट सात इंच, तोंडात स्वस्तातला सिगार. कार्टरसमोर कोचावर पसरून बसला, शेजारी मिलर. त्यांच्याकडे सिगार रोखून म्हणाला, मी यांच्यापेक्षा पैसा जास्त आवळणार. आपली नोकरी हुकली असं समजूनच तो परत गेला. पण कार्टरने नेमला. ऑगस्ट १९७९ मध्ये व्होल्कर रुजू, ६ ऑक्टोबरला, शनिवारी संध्याकाळी, त्याने पैशाचा पुरवठा आवळायचं नवं धोरण जाहीर केलं. पुढे व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास गेले. महागाई मोडली, पण मोडेपर्यंत कारखाने बंद, बांधकाम ठप्प. १९८० ची निवडणूक कार्टर रेगनकडून ४९ विरुद्ध ४८९ निर्वाचक मतांनी हरला. इराणमध्ये ओलीस धरलेले अमेरिकी दूतावासातले लोक हे कारण होतंच, पण या व्याजदरांचाही त्यात वाटा.

आणि लक्षात घ्या, फेडच्या अध्यक्षाला मंत्र्यासारखं घरी पाठवता येत नाही. कार्टरने ज्यांना सहज काढता येतं अशा पाच जणांना काढलं, आणि त्या नादात ज्याला काढता येत नाही असा एक आणून बसवला.

---

खडूसराव

हे आवडलं. म्हणजे कार्टरने नेमला तो व्होल्कर, आणि फळं खाल्ली रेगनने.

---

चक्रवाढ

अगदी. रेगनने १९८३ मध्ये व्होल्करला पुन्हा नेमलं.

---

कक्षअधिकारी

अनुभव सांगतो. विस्ताराच्या वेळी पत्रकार मंत्र्यांच्या यादीवर तुटून पडतात. आम्ही ऑफिसात बघायचो ते त्याच दिवशी निघालेले बदल्यांचे आदेश. मंत्री कोण यापेक्षा वित्त विभागात कोण बसलंय यावर आमची फाइल हलायची की नाही ते ठरायचं.

बाय द वे, कुणी स्वतःहून राजीनामा दिला का? की सगळे काढलेलेच?

---

दगडूशास्त्री

दिला ना. सायरस व्हान्स, परराष्ट्रमंत्री. जुलैत तो राहिला होता. एप्रिल १९८० मध्ये ओलिसांना सोडवायला लष्करी मोहीम ठरली, त्याला ती पटली नाही. मोहीम निघायच्या आधीच त्याने राजीनामा देऊन ठेवला आणि सांगितलं, यश आलं तरी मी जाणार. वाळवंटात हेलिकॉप्टर बिघडली, आठ सैनिक मेले. त्यानंतर राजीनामा जाहीर झाला. राजीनामा खिशात घेऊन फिरणारे पुष्कळ असतात. टेबलावर ठेवून नंतर गप्प राहिलेला हा एक.

---

जाई_एडिसन

चक्रवाढ यांची पोस्ट वाचून रविवारी सासऱ्यांना फोन केला. ते १९७४ साली न्यूजर्सीत आले. १९७९ चा उन्हाळा विचारल्याबरोबर सुरू झाले. सम-विषम होतं, नंबरप्लेटचा शेवटचा आकडा विषम असेल तर विषम तारखेलाच पेट्रोल. यांचा सम. पहाटे साडेचारला गाडी रांगेत लावायची, सासूबाई थर्मासमध्ये चहा आणि डब्यात पोहे द्यायच्या. मागच्या गाडीतला एक गुजराती माणूस भेटून भेटून दोस्त झाला, ती मैत्री अजून आहे.

कार्टरचं भाषण आठवतं म्हणाले. स्वेटर घातला होता का विचारलं तर म्हणाले, नाही, ते स्वेटरवालं भाषण आधीचं, १९७७ चं. मंत्र्यांचे राजीनामे? "असेल काहीतरी. पेपर वाचायला वेळ कुणाला होता, मी रांगेत."

मग घराचं काढलं. १९८१ मध्ये एडिसनला पहिलं घर घेतलं, कर्ज साडेसोळा टक्क्यांनी. बँकेचा तो कागद त्यांनी अजून फाइलला लावून ठेवलाय, सणावाराला आलेल्या पाहुण्यांना दाखवतात. पगारातला निम्म्याहून जास्त हप्त्यात जायचा, सासूबाईंनी दोन वर्षं दुकानात उभं राहून नोकरी केली. या सगळ्याबद्दल ते चाळीस वर्षं रेगनला शिव्या देतायत.

मी त्यांना सगळी साखळी समजावून सांगितली. ब्लूमेंथालला काढलं, म्हणून मिलरला उचललं, म्हणून व्होल्कर आला, म्हणून तुमचा साडेसोळा टक्के.

थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कोण मिलर?"